खळीतलं मीठ

खळीत मीठ घालायचं नसतं. एवढी साधी अक्कल मला वेळेवर असती, तर मी जन्मभर घरातच बसले असते.

खळ म्हणजे कागद चिकटवायला पीठ शिजवून करतात ती. चांगल्या घरी ती मैद्याची करतात आणि झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद टाकतात. मी ज्वारीच्या पिठाची केली, आणि मोरचुदाऐवजी मीठ टाकलं. का टाकलं ते पुढे येईलच. त्याआधी मी घराबाहेर पडलेच कशी, ते सांगायला हवं, कारण त्याचं मलाही अजून नवल वाटतं.

माझं माहेर अंजनगाव सुर्जीकडचं. चौथीपर्यंत शिकले. लिहायला पुढे आणि बोलायला मागे. मास्तरांनी कविता म्हणायला उभं केलं की मी उभी राहायची, आणि मास्तर कंटाळून ‘बस’ म्हणेपर्यंत उभीच राहायची. तोंडी परीक्षेत भोपळा. लेखी पेपरांनी वाचवलं म्हणून चौथी पास. पुढच्या शाळेत जायचं तर नवे मास्तर आले, नव्या मुली आल्या, आणि नव्या माणसांना नाव सांगावं लागतं. त्यापेक्षा शिक्षण सुटलेलं बरं, असं मला वाटलं. घरच्यांनाही तसंच वाटत होतं, म्हणून भांडण झालं नाही.

लग्नात उखाणा घ्यायला लावला, तेव्हा मी इतका वेळ गप्प राहिले की हातातला घास वाळला. सासरच्या बायका म्हणाल्या, “पोरगी मुकी तं नाई नं?” सासूबाई म्हणाल्या, “मुकी असंन तं बरंच हाय. घरात बोलाले मी हावो.”

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्या खरंच बोलायला होत्या. अमरावतीच्या आमच्या गल्लीत भाजीवाली आली, दूधवाला आला, कुणाची चिठ्ठी घेऊन शिपाई आला, तरी मी आतून फक्त “आत्याबाई” एवढंच म्हणायची. पुढचं सगळं त्या बोलायच्या. हे कचेरीत कारकून. तेही अबोल. घरातली सगळी वाक्यं आत्याबाईंच्या वाट्याला आली होती, आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

एकसष्ट-बासष्ट साल असेल. आमची धाकटी चार वर्षांची झाली आणि तिला बालवाडीत घातलं. बालवाडी म्हणजे सरकीचं जुनं रिकामं गोदाम. भिंतींना, जमिनीला, छपराला सरकीचा वास. मागचं दार नीट लागत नसे, आणि गल्लीतल्या बकऱ्यांना आत अजून सरकी असेल अशी आशा असे. धाकटी माझ्यावर गेलेली. मी दारातून उठले की ती रडायची. म्हणून बाईंनी मला दाराशी पोतं टाकून बसायला सांगितलं. “दोन-चार दिवस बसा, मग रुळेल.” मी तीन आठवडे बसले. धाकटी दुसऱ्याच दिवशी रुळली होती. हे मी घरी सांगितलं नाही.

नुसतं बसलं की हातांचं काय करावं ते मला कळत नाही. तेव्हा सिनेमाचा टांगा गल्लीतून भोंगा वाजवत जायचा आणि मागून माणूस रंगीत परचे उडवायचा. हिरवे, पिवळे, गुलाबी. मुलं धावून ते गोळा करत आणि मग त्यांचं काय करायचं ते त्यांनाही कळत नसे. एका पोरीनं तिचा हिरवा परचा माझ्या मांडीवर ठेवला. मी त्याची दुहेरी घडी केली, घडीवर जिभेनं अर्ध्या पानाची रेघ ओढली, आणि त्या ओल्या रेघेवरून फाडलं. उघडलं तर अख्खं पिंपळपान, शेपटीसकट. माहेरी महालक्ष्म्यांच्या मखराला मी अशाच झालरी करायची. मला जगात तेवढी एकच गोष्ट येत होती, आणि ती करताना बोलावं लागत नव्हतं.

पोरीनं पान डोळ्यांशी धरलं. म्हणाली, “मले अजून एक.”

दुसऱ्या दिवशी माझ्याभोवती अकरा मुलं होती. आठवड्यानं सगळी. आणि मी बोलत होते! “घडी घाल. जीभ लाव. हळू फाड. लिंबाच्या पानाला कातरे असतात, असे. केळीचं पान वाऱ्यानं आधीच फाटलेलं असतं, म्हणून ते कसंही फाटलं तरी चालतं.” माझाच आवाज मला अनोळखी वाटला. पुढे विचार केल्यावर कारण सापडलं. ज्या माणसाचं डोकं माझ्या कमरेच्या वर नाही, त्याच्यासमोर माझी वाचा बसत नाही. अडचण एवढीच, की अशी माणसं मोठी होतात.

आम्ही झाडं करायला लागलो. किराण्याच्या खाकी पुड्यांचे बुंधे आणि परच्यांची पानं. सगळ्यात सोपा पळस, कारण पळसाला पानं तीन. तरी एका पोरीनं अकरा लावली. मी म्हटलं, “बाई, तीनच असतात.” ती म्हणाली, “माया पळसाले अकरा हायेत.” तिचं बरोबर होतं. पळस तिचाच होता.

आता चिकटवायला खळ हवी. गहू आमच्याकडे सणाला, ज्वारी रोजची. मी घरून ज्वारीचं पीठ नेलं आणि बाईंच्या स्टोव्हवर पातेलं ठेवलं. पीठ पाण्यात कालवून ढवळत असताना हात आपोआप मिठाच्या डब्याकडे गेला. तिथं डबा नव्हता, पण बाईंच्या डब्यातल्या कैरीसोबत मिठाची पुडी होती. मी ती पुडी घेतली, चिमूट टाकली, ढवळलं, बोटावर घेऊन चाखलं, आणखी थोडं टाकलं, परत चाखलं, ‘आता बरं झालं’ असं मनात म्हणून पातेलं उतरवलं. आणि उतरवल्यावर लक्षात आलं, की ही आंबील नाही.

पीठ टाकून देणं माझ्या हातून होण्यासारखं नव्हतं. म्हटलं, आजच्या दिवस चालेल. मोरचूद मी मुद्दामच घातलं नव्हतं, कारण ही मुलं सगळं तोंडात घालतात. मीठ तर पोटात गेलं तरी चालतं.

मुलांनी खळ बोटांनी लावली आणि बोटं चाटली. परत लावली, परत चाटली. त्या दिवशी गोदामात कुणी कुणाला मारलं नाही. बाई कौतुकानं म्हणाल्या, “तुमच्या हातात काहीतरी आहे हो. मुलं किती रमली!” मी खाली मान घातली. हातात काय आहे ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी घरूनच मीठ घेऊन गेले. लोकप्रियता सोडवत नाही, ती कशामुळेही का आलेली असेना.

मग जुलै लागला, वनमहोत्सव आला. बाईंनी मला बाजूला घेतलं.

“वरच्या कचेरीतून साहेबीणबाई येणार आहेत. अंगणात रोप लावतील, मग आपली झाडं पाहतील. मदतनिसाची एक जागा मंजूर करायची आहे. मी तुमचं नाव सांगणार. चौथी पास आहात ना?”

मी मान हलवली.

“झालं तर मग. त्या विचारतील, तेव्हा फक्त चार वाक्यं बोला. आणि हे बघा,” बाई जरा थांबल्या, “जागा मिळाली नाही, तर तुम्हाला रोज असं बसू देता येणार नाही मला. तुमची धाकटी तर आता रडत नाही.”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी घरी जाताना मला कळलं, की मला ही जागा हवी आहे. मला आजवर काही हवं असल्याचं आठवत नव्हतं. लुगडं आणलं ते नेसायचं, ताटात पडेल ते खायचं. पण ते गोदाम, तो सरकीचा वास, ती चिकट बोटं, आणि माझा तो बोलणारा आवाज. तो आवाज घरी यायचाच नाही. गोदामाच्या उंबऱ्याशी चपलांसारखा राहायचा.

मी चार वाक्यं तयार केली. कागदावर लिहिली, पाठ केली. ‘मी मुलांना पानांची ओळख करून देते. कागद टाकाऊ असतो. खळ घरची असते. मुलांना झाडांची माया लागते.’ शेवटच्या वाक्यावर मी फार खूश होते. स्वयंपाकघरातल्या भिंतीला साहेबीणबाई समजून रोज म्हणायची. चौथ्या दिवशी मागून आवाज आला.

“काहून वं, भिंतीसंगं बोलून राहिली का?”

मी कागद पदराआड केला.

“मंग? काय म्हणते भिंत?”

“काही नाही, आत्याबाई.”

“तुयाच माहेरची दिसते.” आणि त्या तुरी निवडायला निघून गेल्या. पण दारातून परत वळून म्हणाल्या, “माया लागते, हे जोरात म्हन. तिथं तुया आवाज बसते.” म्हणजे चारही दिवस ऐकत होत्या.

तो दिवस उजाडला. आम्ही भिंतीवर गोणपाटं लावून त्यांवर सगळं जंगल चिकटवलं होतं. मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. लिंब, पिंपळ, केळी, पळस. परच्याची कोरी बाजू वर ठेवा, असं मी शंभरदा सांगितलं होतं, तरी पिंपळाच्या निम्म्या पानांवर ‘रोज तीन खेळ’ आणि केळीवर ‘तुफान मारामारी’ असं आलं होतंच. शिवाय ज्वारीची खळ वाळली की सुटते. सकाळपासून पानं टपटप गळत होती, आणि मी पातेलं घेऊन झाडाझाडापाशी धावत होते. खऱ्या जंगलात एवढी मेहनत कोण करत असेल, कोण जाणे.

साहेबीणबाई आल्या. बोलणं पुण्याकडचं, चष्मा, काखेत पर्स, आणि उंची अशी की त्यांचं डोकं माझ्याही डोक्याच्या वर. मी त्यांना पाहिलं आणि कागदावरचे शब्द एकेक करून पळाले, बकऱ्या उधळाव्या तसे.

“वा! हे सगळं कुणी शिकवलं?”

बाईंनी मला पुढे ढकललं. मी तोंड उघडलं.

“खळ घरची असते,” मी म्हटलं.

“हो का? छान. आणि मुलांना किती दिवस लागले?”

“खळ घरची असते.”

साहेबीणबाईंनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी छपराकडे पाहिलं. साहेबीणबाई भल्या होत्या, त्यांनी सोपा प्रश्न काढला. “बरं, तुमचं नाव काय?”

मी काय म्हटलं असेल ते सांगत नाही. नाव मात्र सांगितलं नाही.

त्यांनी पर्स दुसऱ्या काखेत घेतली आणि बाईंना हळूच म्हणाल्या, “मुलांशी बोलणारं माणूस हवं हो.” हळू बोललेलं मला फार स्पष्ट ऐकू येतं. माझा तो एक गुण आहे. जागा गेली हे मला कळलं. उद्यापासून मी घरी, आणि आवाज गोदामात.

तेवढ्यात किंकाळी आली. “माया पळस खाल्ला!”

मागच्या दारातून बकरी आत शिरली होती. काळी, कान लांब. तिनं अकरा पानांचा पळस पुरा संपवला होता आणि आता ती केळीवरची तुफान मारामारी खात होती. मुलं ओरडली. बाई छत्री घेऊन धावल्या. बकरी हलेना. पानं संपली तशी ती गोणपाट चाटायला लागली, डोळे मिटून, मनापासून. मला, एकटीला, कारण माहीत होतं.

“अरेरे,” साहेबीणबाई म्हणाल्या, “कागद खातेय बिचारी.”

“कागद कायचा वं बाई?” दारातून आवाज आला.

आत्याबाई होत्या. धाकटीला न्यायला आल्या होत्या म्हणे. धाकटीला सुटायला अजून दीड तास होता.

“बकरी येडी नसते. कागद असता तं हुंगून सोडला असता. बकरीनं खाल्लं म्हंजे झाडच हाय थे. तुमी लावलं ना बाहीर एक? थे बी खाईन. खरं झाड वळखाले बकरीले बलवा, साहेबाले नको.”

मला वाटलं, आता भूमी दुभंगावी, आणि दुभंगताना मागच्या दाराच्या बाजूनं दुभंगावी, म्हणजे कुणाला दिसणार नाही. पण साहेबीणबाई हसायला लागल्या. चष्मा काढून, पदरानं डोळे पुसत हसल्या.

“मग आजी, आम्ही बाहेर काय लावावं?”

“लिंब लावा, पन काटे टाका भवताली. बाभळीचे. पाच-सात वर्सं सांभाळा. नाई तं रुई लावा, रुईले बकरी तोंड लावत नाई.” मग त्या मुलांकडे वळल्या. “काहून नाई लावत, रे पोट्टेहो?”

“कडू!” मुलं म्हणाली.

“अन् चीक निंघते. डोयात गेला तं?”

“आंधळे!”

आत्याबाई खाली बसल्या. मुलं त्यांच्याभोवती बसली. चिमणी कोणत्या झाडावर घर करते, वानर कोणत्या झाडावर झोपते, बाभळीच्या शेंगा बकरीला का आवडतात, सगळं निघालं. साहेबीणबाई उभ्या राहून ऐकत होत्या, मग त्याही पोत्यावर टेकल्या.

शेवटी म्हणाल्या, “आजी, तुम्हीच का येत नाही इथं मदतनीस म्हणून?”

मी केलेलं जंगल बकरीनं खाल्लं आणि माझी जागा सासूनं, असा तो दिवस होता.

आत्याबाईंनी साहेबीणबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मले तं अंगठा येते फक्त. चौथी पास पायजे नं तुमाले?”

“हो, तो नियम आहे.”

“थे पाहा उभी हाय चौथी पास.”

मी शाळेत करायची तसं एक बोट वर केलं. हसू नका, खरंच केलं.

“पान तिले करता येते, मले नाई. बोलता मले येते, तिले नाई. नाव तिचं लिवा. बोलाले मी येतो संगं. मले काई देऊ नका, घरी बसून मी भिंतीसंगं बोलत नाई.”

साहेबीणबाईंनी नाव लिहून घेतलं. आत्याबाईंनी सांगितलं ते.

घरी जाताना धाकटी पुढे, आम्ही दोघी मागे. आत्याबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, तेव्हा मला भीती वाटायला लागली. देवळाच्या कोपऱ्याशी आल्यावर म्हणाल्या, “आंबील चांगली झालती.”

“काय, आत्याबाई?”

“बोट लावून पायलं म्या गोनपाटाले. मीठ बरोबर होतं. ताक नव्हतं, बस.”

पुढची चार वर्षं आम्ही दोघी गोदामात गेलो. हजेरीवर सही माझी, बाकी सगळं त्यांचं. हळूहळू मी मधेमधे एखादं वाक्य बोलायला लागले. त्या थांबून मला बोलू द्यायच्या आणि मग दुरुस्त करायच्या. अंगणातला लिंब त्यांनी बाभळीचे काटे टाकून जगवला. भिंतीवरचं जंगल मात्र दर महिन्याला नवं करावं लागे, कारण ती बकरी सोकावली होती आणि पुढे तिची पिल्लंही.

मग यांची बदली अकोल्याला झाली. आत्याबाई मोठ्या दिरांकडे अमरावतीलाच राहिल्या. “मले नाई करमत नव्या गावात,” म्हणाल्या. मला वाटतं, त्यांनी मुद्दाम केलं. विचारायची सोय नव्हती.

अकोल्यात पहिले दोन महिने मी घरात होते. भाजीवाली दारात आली की आतून “आत्याबाई” म्हणायची आणि मग एकटीच ओशाळायची. आमच्या गल्लीच्या टोकाला एक बालवाडी होती. मी तिच्यावरून सात दिवस नुसती जा-ये केली. सातव्या दिवशी तिथल्या बाईच बाहेर आल्या. उंच होत्या, अर्थात.

“काय हवं आहे तुम्हाला? मूल घालायचंय का?”

चार वाक्यं माझ्याजवळ होती, अजूनही पाठ होती. मी तोंड उघडलं. पण जे आलं ते माझं नव्हतंच. कमरेवर हात गेला, मान वर झाली, आणि मी म्हटलं, “मूल काहून? मले झाडं करता येतात कागदाची. पोट्टे बसवा, दाखवतो.”

बाई दोन पावलं मागे सरल्या. मलाही मागे सरावंसं वाटलं, पण कमरेवर हात ठेवून मागे कसं सरायचं ते मला येत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, “बरं, या आत.”

आत पंचवीसेक मुलं होती. सगळी माझ्या कमरेच्या खाली. मी पिशवीतून परचे काढले, स्टोव्ह मागितला, पीठ कालवलं. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या, आणि मी मिठाची पुडी सोडली तेव्हा त्यांनी विचारलं, “हे कशाला?”

“झाडांना लागतं,” मी म्हटलं. चाखून पाहिलं. थोडं कमी होतं. आणखी चिमूटभर टाकलं.